खुलताबादच्या घाटात हेरल्ड

जुन्या गाड्यांच्या सहलीत मेकॅनिकची जीप सगळ्यांत मागे असते. त्या दिवशी संभाजीनगरहून दौलताबाद, खुलताबाद करत वेरूळला जायचं होतं. सहलीत फक्त उत्पादन बंद झालेल्या गाड्या: 2014 मध्ये बंद झालेली अँबेसेडर, कुर्ल्याची पद्मिनी, एक कॉन्टेसा आणि मद्रासची स्टँडर्ड हेरल्ड. हेरल्ड 1961 ला आली आणि दहा वर्षांत थांबली. माझा सगळ्यांत जास्त जीव तिच्यावरच.

पाऊस उघडला होता, डोंगर हिरवेगार होते, दौलताबादला रस्त्याकडेला सीताफळांच्या पाट्या लागल्या होत्या. किल्ला मागे टाकून घाट चढताना हेरल्ड मिसिंग मारायला लागली आणि वळणावर बंदच पडली.

"पेट्रोल उकळलं असणार. पंपावर ओलं फडकं टाका," मालक काका म्हणाले. चढावर गरम झालेल्या जुन्या गाड्यांत हे नेहमी होतं, त्यामुळे शंका रास्तच होती. मी कार्बोरेटरचा पाइप सोडून स्टार्टर मारायला लावला. पेट्रोलची धार व्यवस्थित आली, म्हणजे दोष तिथे नव्हता.

हेरल्डचं बॉनेट मडगार्डांसकट अख्खं पुढे उलटतं. पुढच्या चाकावर बसायचं, इंजिन मांडीशी येतं. अशी सोय आजच्या कुठल्या गाडीत आहे? डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे प्लगना ठिणगी वाटणाऱ्या भागाची, कॅप काढून बघितलं, तर पॉइंट (ठिणगी बनवणाऱ्या कॉइलचा प्रवाह जोडणारे-तोडणारे संपर्क) उघडले की त्यांच्यातच जाड निळी ठिणगी पडत होती आणि प्लगच्या वायरीला मात्र जेमतेम, पिवळट. कंडेन्सर, म्हणजे पॉइंटमधली ठिणगी दाबणारा छोटा भाग, गेला होता. गरम झाला की तो असाच दगा देतो.

हेरल्डचा कंडेन्सर कुठून आणणार? पेटीत पद्मिनीचा होता. त्याची पट्टी आत बसेना, पण काम तेच, म्हणून आत बसवायचा हट्ट धरला नाही. जुन्याची वायर सोडली, नवा बाहेरच डिस्ट्रिब्युटरच्या क्लॅम्पच्या बोल्टखाली आवळला, वायर कॉइलच्या पॉइंटकडच्या टर्मिनलला जोडली.

"काकू, मारा स्टार्टर." पहिल्या झटक्यात इंजिन बोललं. काकूंनी टाळ्याच वाजवल्या.

कारखाने बंद झाले तरी या गाड्या अशाच एकमेकींच्या पार्टवर चालतात. म्हणून प्रत्येक मालकाने जुन्या स्टॉकचा एक कंडेन्सर डिकीत ठेवावाच, नव्यांतले बरेच फार टिकत नाहीत. काकांनी वेरूळला पोचल्यावर लेण्यांकडे जायच्या आधी माझ्याकडून दोन मागून घेतले.