अमेरिकन कॉमेडीत आता नुसती बडबड उरलीये

गेल्या वीसेक वर्षांतल्या बऱ्याच अमेरिकन कॉमेड्यांमध्ये मला एकच गोष्ट सारखी खटकते, सीनमध्ये काही घडतच नाही. दोघंतिघं सोफ्यावर बसलेत, कॅमेरा एकदा याच्या तोंडावर एकदा त्याच्या, आणि जो तो सुचेल ते बोलतोय. ही पद्धत फोफावली ती २००४-०५ पासून, जड अ‍ॅपटाव, अ‍ॅडम मके वगैरे दिग्दर्शक मंडळींचे सिनेमे चालायला लागले तेव्हा. नटांना सेटवर मोकळं सोडायचं, एकाच डायलॉगचे ढीगभर पर्याय शूट करायचे आणि एडिटिंगला बसल्यावर सगळ्यात भारी तो ठेवायचा. 'अँकरमॅन'चं तर इतकं फुटेज उरलं की त्यातून अख्खा वेगळा सिनेमा जुळवून डीव्हीडीवर आणला! त्यातल्या हिरोला, विल फेरेलला हे जमतं, तो भन्नाटच आहे, पण त्याला जमतं म्हणून सगळ्यांना जमेल असं थोडीच आहे.

आणि कुठलंही वाक्य कुठेही जोडता यायला हवं म्हटल्यावर शॉटही तसेच साधे सपाट घ्यावे लागतात, मग कॅमेऱ्याने हसवायचं कधी? मूकपटांच्या जमान्यातल्या बस्टर कीटनचा १९२८ चा तो सीन आठवा, घराची अख्खी भिंत अंगावर कोसळते आणि हा पठ्ठ्या बरोबर खिडकीच्या जागी उभा म्हणून वाचतो. हे आधी इंच न् इंच मोजूनच करावं लागतं, ऐनवेळी सुचून होत नाही.

लांबीचंही तेच. १९८० चा 'एअरप्लेन' दीड तासाच्या आत आटोपतो, २०१२ चा 'धिस इज फोर्टी' जवळजवळ सव्वादोन तास, आणि त्यात नवराबायकोची तीच तीच भांडणं.

लोक शिव्या आणि घाणेरड्या विनोदांना नावं ठेवतात, ते मला पटत नाही. 'ब्राइड्समेड्स'मध्ये काय कमी घाण आहे? पण त्यात साखरपुड्याच्या पार्टीत नवरीच्या दोन मैत्रिणी एकमेकींच्या हातातून माइक घेत राहतात तो सीन बघा, बोलणं कितीही लांबलं तरी प्रत्येक वेळी जळफळाट एक पायरी वर चढतो, म्हणून हसू थांबत नाही.

२०१८ च्या 'गेम नाइट'मध्ये एक मौल्यवान शोभेचं अंडं घरभर या हातातून त्या हातात फेकत पळतात, एका दमात घेतल्यासारखा सीन आहे, डायलॉग फार नाहीत आणि तरी धमाल येते. मला अशा कॉमेड्या हव्यात, थिएटरात, मोठ्या पडद्यावर.