राजवाडा: साताऱ्याचं कोर्ट, साताऱ्याची शाळा

साताऱ्यात ‘राजवाडा’ म्हटलं की आधी बसस्टॉप आठवतो. पोवई नाक्यावरून राजपथाने वर यायचं. समोर गोलबाग, पलीकडे गांधी मैदान, संध्याकाळी तिथे चौपाटीच्या गाड्या. पाहुणे मोती चौकात कंदी पेढे घेतात आणि कासच्या वाटेला लागतात. मी या खेपेला मुद्दाम वाड्यासाठीच आलो होतो.

जुना वाडा थोरल्या प्रतापसिंह महाराजांचा, १८२४ चा. शेजारचा नवा त्यांचे भाऊ आप्पासाहेब यांच्या कारकिर्दीत पुरा झाला. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनीच प्रतापसिंहांना राज्य दिलं आणि १८३९ मध्ये कटाचा आळ घेऊन त्यांना काशीला धाडलं. १८४७ मध्ये ते तिथेच वारले. त्यांची कैफियत घेऊन रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले. चौदा वर्षं त्यांनी उंबरे झिजवले, पण दाद लागली नाही. ही चिकाटी आठवली की आजही माझा ऊर भरून येतो. १८४८ मध्ये आप्पासाहेब गेले, डलहौसीने दत्तक नामंजूर केला आणि राज्य खालसा झालं.

म्हणजे जुन्या वाड्याला राजाचं घर म्हणून जेमतेम चोवीस वर्षं मिळाली. पुढचं सगळं आयुष्य रयतेच्या कामात गेलं. नव्या वाड्यात जिल्ह्याचं कोर्ट भरू लागलं. ज्या घराण्याची बाजू कुणी ऐकून घेतली नाही, त्याच्याच दिवाणखान्यांत बांधाचे नि वाटणीचे दावे चालले, पुकारे झाले, तारखा पडल्या. आता कोर्ट सदर बझारला आहे.

जुन्या वाड्यातली शाळा म्हणजे आजचं प्रतापसिंह हायस्कूल. ७ नोव्हेंबर १९०० रोजी सुभेदार रामजींनी आपल्या मुलाचं नाव इथे इंग्रजी पहिलीत घातलं. रजिस्टरला नोंद भिवा रामजी आंबेडकर, क्रमांक १९१४. शाळेने ते रजिस्टर जपलं आहे. भिवा इथे १९०४ पर्यंत शिकला. २०१७ पासून ७ नोव्हेंबर राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. हा भिवा म्हणजेच पुढचे डॉ. बाबासाहेब. त्यांच्या आईची, भीमाबाईंची समाधीही साताऱ्यातच आहे. तिथेही जरूर जा.

नव्या वाड्याच्या बाहेरून फिरताना भिंतीच्या सांध्यात रुजलेला पिंपळ दिसला. बोटभर जाड मूळ चुन्यात शिरलेलं, आजूबाजूच्या विटा सुटायला लागलेल्या. असं झाड नुसतं छाटून भागत नाही, मुळासकट काढून सांधा चुन्यानेच भरावा लागतो. माणसांचा राबता असला की अशी रोपं हातभर वाढण्याआधीच कुणाच्या तरी नजरेला पडतात. म्हणून मला वाटतं, डागडुजी करून वाडा पुन्हा वापरात आणावा. ग्रंथालय करा, जिल्ह्याच्या जुन्या कागदपत्रांचं दालन करा, पण रोज दार उघडेल असं काहीतरी करा.

जायचं तर सकाळी जा, गाड्या लागायच्या आत. शाळा चालू असते, तेव्हा आत शिरण्याआधी ऑफिसात विचारा.