आल्याचा तुकडा

सोमवार, रात्री साडेअकरा

आई मेथी निवडत बसली होती. मी फोन तिच्यापुढे धरला आणि म्हटलं, बघ, माझ्या गेमचं मुखचित्र. चष्मा आत राहिला होता. तिने मान मागे नेऊन डोळे बारीक केले.

"आलं आहे का गं?"

तो हात होता. पाण्याच्या टाकीतून वर आलेला, फुगलेल्या कातडीचा, नखांत शेवाळ अडकलेला हात. तीन रविवार गेले माझे त्याच्यावर. एक नख अर्धं उचकटलेलं दाखवलंय, ते तर माझं मलाच बघवत नाही. आणि आईला आलं दिसलं. वर म्हणते, "छान काढलंयस हो, अगदी मातीसकट."

राग आला. जेवताना पुन्हा पाहिलं तर मलाही आलंच दिसायला लागलं. आता ते डोळ्यांपुढून हलत नाही.

मंगळवार, ऐरोलीहून परतताना

बसायला जागा मिळाली, म्हणून लिहितेय.

स्टीमला, म्हणजे कॉम्प्युटर गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाला, एक चित्र देऊन भागत नाही. दुकानात दिसणाऱ्या गेमच्या चित्राला ते कॅप्सूल म्हणतात. लग्नघरी शिंपी बसवल्यासारखी प्रत्येकाची वेगळी मापं. गेमच्या पानावरचं हेडर 920 बाय 430 पिक्सेल, मुख्य कॅप्सूल 1232 बाय 706, उभं 748 बाय 896, विकत घेतलेल्या गेमच्या लायब्ररीसाठी आणखी एक उभं 600 बाय 900, आणि एक भलंमोठं आडवं 3840 बाय 1240, ज्याच्यावर एक अक्षरही चालत नाही. इच.आयओ या दुसऱ्या गेमच्या साइटचं माप निराळंच, 630 बाय 500. हे सगळं मी मोठ्या मॉनिटरवर, पडदे ओढून, झूम करकरून रंगवत होते. पण छोट्या कॅप्सूलची सर्वांत बारीक आवृत्ती असते 120 बाय 45 पिक्सेलची. गॅस सिलिंडरच्या पावतीवरचा शिक्का याहून मोठा असेल. त्यात पाच बोटं मावत नाहीत, उचकटलेलं नख तर सोडाच.

सकाळी गाडीत हॉरर गेमची यादी वरून खाली नुसती सरकवत गेले, कुठेच न थांबता. काळं, लाल, किंचाळणारा चेहरा. काळं, लाल, केस मोकळे सोडलेली बाई. काळं, लांब बोळ, शेवटी उभं असलेलं कुणीतरी. त्यात माझा काळ्यावरचा तपकिरी हात. स्टीमच्या दुकानाची पार्श्वभूमीच मुळात गडद निळी. काळ्या चित्राच्या कडा तिच्यात विरघळून जातात आणि चौकटच उरत नाही. 2024 मध्ये स्टीमवर 18,000हून जास्त गेम आले. त्या गर्दीत माझं आलं.

बुधवार

ऑफिस. रिलीज होतं. काही सुचलं नाही.

गुरुवार, रात्री

दादा आला होता. (मावसभाऊ. गेममधले सगळे आवाज त्याचे. पंपाची घरघर त्याने डोंबिवलीत स्वतःच्या बिल्डिंगमध्ये पहाटे पाचला जाऊन रेकॉर्ड केली.) आल्याची गोष्ट ऐकून तो आधी दहा मिनिटं हसला. मग म्हणाला, "टाकीचे घाव सोस, मगच देवपण येतं." गेमचं नाव 'टाकी' ठेवल्यापासून हा विनोद त्याने कमीत कमी वीस वेळा केलाय.

त्याचं म्हणणं होतं, चित्रावर 'हेडफोन लावूनच खेळा' असं मोठं लिहू. म्हटलं, जमणार नाही. 1 सप्टेंबर 2022 पासून स्टीमचा नियमच आहे: कॅप्सूलवर गेमचं चित्र, गेमचं नाव आणि अधिकृत उपशीर्षक, बस्स. कुणी किती तारे दिले, कुठलं बक्षीस मिळालं, किती टक्के सूट, काहीही लिहायचं नाही. मला तो नियम बरा वाटतो. नाहीतर साबणाच्या पुड्यासारखी अवस्था झाली असती सगळ्यांची.

मग नावावर वाद. गिऱ्हाईक बहुतेक बाहेरचं, त्यामुळे नाव रोमनमध्ये लागणार, हे मलाही मान्य. पण त्याने सुचवलं की रोमन अक्षरांवरून शिरोरेघ ओढू, 'आपला टच' येईल. नाही म्हणजे नाही! परदेशातल्या इंडियन रेस्टॉरंटांच्या पाट्या अशाच असतात. माझ्या टाकीतून बटर चिकन निघणार नाहीये.

तो गेल्यावर बाबांची आठवण आली. दर शनिवारी पेपर आला की ते आधी नाटकांच्या जाहिराती उघडायचे, गडकरी रंगायतनला काय लागलंय ते बघायला. दोन बोटं रुंदीच्या त्या काळ्या-पांढऱ्या चौकटी. चित्रं फारशी नसायचीच, अक्षरंच असायची, आणि नाटकांची नावं रेखाटणाऱ्या कमल शेडग्यांच्या हातची असली तर नाव वाचायच्या आधीच कळायचं की हे हसवणारं आहे की रडवणारं की रात्री झोप उडवणारं. बाबा चष्म्याशिवाय ओळखायचे. म्हणजे मी आज 120 बाय 45 मध्ये ज्यासाठी डोकं फोडतेय, ते त्या माणसाने रद्दीच्या कागदावर, एका शाईत करून ठेवलं होतं. अक्षराला एक वळण, एक चीर, तेवढ्यात काम.

रविवार, दुपारी

आज खाली टाकीवर गेले. दोन वर्षं टाकीवर गेम बनवतेय आणि आमच्या सोसायटीची टाकी शेवटची कधी नीट पाहिली होती, आठवत नाही. सेक्रेटरीकाकांनी किल्ली दिली, पण आधी विचारलं, "गळतीचे फोटो काढून ग्रुपवर टाकणार नाहीस ना?" वर्तकनगरमधली चार मजली जुनी बिल्डिंग आमची, गळती कुणापासून लपलीय? पण शब्द दिला.

पंपाची खोली जिन्याखाली. झिरोचा एकच बल्ब, त्यावर जळमटं. ब्लीचिंग पावडरचा वास. वॉचमनकाकांनी पातळी बघायला टाकीचं झाकण सरकवलं आणि अर्धवट तसंच ठेवून मोटर लावायला वळले. गोल, लोखंडी झाकण. एका बाजूची कडी तुटलेली, तिथे निळी प्लॅस्टिकची दोरी बांधलेली. गोल भोकावरून गोल झाकण चार बोटं सरकलं की मधे जी फट पडते ती चंद्रकोरीची असते. मिट्ट काळी कोर. आणि बल्बचा पिवळा उजेड झाकणाच्या झिजलेल्या कडेवर पडून तिथे एक तारेसारखी बारीक रेघ चमकत होती.

मी नुसती बघत राहिले. आत पाणी हलल्याचा आवाज आला. पाइपातून पाणी येत होतं, दुसरं काय. पण दोन पावलं मागे सरले, हे इथे तरी कबूल करायला हरकत नाही.

आणखी एक. काका टाकीजवळ जाताना चप्पल बाहेर काढतात. पिण्याचं पाणी म्हणून. निळ्या पट्ट्यांची रबरी जोडी, भिंतीला टाच लावून, देवळाबाहेर ठेवावी तशी नीट ठेवलेली.

हात खोडून टाकला. एक किंचाळी द्यायची आणि पुढे काही उरायचं नाही, असं होतं ते चित्र.

बुधवार, रात्री दीड

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये झाकण, कडी, दोरी, सगळं उभं केलं आणि वर क्रिटा या रंगवायच्या सॉफ्टवेअरमध्ये रंगाचा हात फिरवला. कॅमेरा थेट वरून. सगळी जमीन बल्बच्या त्या मळकट पिवळ्या रंगात. स्टीमच्या निळ्यावर तो पिवळा असा उठतो की कडा वेगळी काढावीच लागत नाही. काळं फक्त एका जागी, कोरीत. झाकणावर ऑइलपेंटने उडत चाललेलं देवनागरी 'टाकी', रोमन नाव उजवीकडे मोकळ्या जमिनीवर. फटीतून काही डोकावत नाही, रक्तही नाही. तसंही मुखचित्र लहान पोरासकट कुणालाही दिसतं, तिथे रक्तामांसाचा चिखल चालत नाही.

गंमत झाली ती लहान करताना. रंग काढून नुसत्या करड्यात, 120 बाय 45 वर नेलं, तर झाकण, कडी, दोरी, सगळं गळून गेलं आणि उरला एक डोळा. जड पापणीचा, जेमतेम किलकिला केलेला. मी तो काढलेला नाही. काळ्या कोरीवरची चमकणारी कड पापणीसारखी दिसते, एवढंच. दादाला पाठवलं. एरवी हा माणूस एका शब्दाला पाच स्टिकर पाठवतो. आज उत्तर आलं, "आता झोपायचं कसं?"

चप्पल मात्र लहान मापात दिसत नाही. निळा ठिपकासुद्धा उरत नाही. दोन रात्री ती मोठी करून पाहिली, झाकणाशेजारी आणून पाहिली. दर वेळी डोळा मोडतो. शेवटी बारीक मापातून काढून टाकली. हेडरला आहे, डाव्या कोपऱ्यात. उभ्या चित्रात खाली ठेवलीय, नाव वर नेऊन.

शनिवार, सकाळी

आई पोळ्या लाटत होती. या वेळी काही न सांगता फोन ओट्यावर, डब्याला टेकवून ठेवला. यादीचं पान, बारीक चित्रं एकाखाली एक. ती लाटता लाटता बघत होती. बोटाला पीठ, म्हणून करंगळीच्या टोकाने माझ्यावर दाबलं. हेडर उघडलं.

थोडा वेळ लाटणं थांबलं.

"झाकण कुणी उघडं टाकलंय गं हे? पोरं खेळतात खाली."

मग फोन जवळ ओढून, "आणि चप्पल कुणाची राहिलीय?"

गॅसवरची पोळी करपली. मी काहीच बोलले नाही.