मराठी-कन्नड गाणी आणि लिनक्स: प्लेअर निवडतानाचा माझा अनुभव

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांत गाण्यांचा साठा दोन्ही भाषांतला असतो. भीमसेन जोशींचे अभंग आणि त्यांनीच गायलेली पुरंदरदासांची कन्नड पदं एकाच हार्डडिस्कवर. फायलींमध्ये त्यांचं नाव कुठे देवनागरीत, कुठे कन्नड लिपीत, कुठे रोमनमध्ये. प्लेअर टॅगमधली (म्हणजे फायलीतच लिहिलेल्या गाणं, गायक, अल्बम अशा माहितीतली) अक्षरं तेवढी जुळवतो, त्यामुळे यादीत एका गायकाचे तीन गायक होतात. म्हणून मी प्लेअरचं रूप नंतर पाहिलं, आधी टॅग कसे हाताळतो ते पाहिलं.

रिदमबॉक्स हा प्लेअर साधा, हलका. गाणी लावून ऐकायची एवढंच काम असेल तर तिथेच थांबावं. स्ट्रॉबेरी हा क्लेमेंटाइन या जुन्या प्लेअरपासून २०१८ मध्ये वेगळा झालेला प्लेअर; अल्बमची मांडणी छान. पण दोन्हींत यादीचे रकाने ठरलेले, आणि मला गाण्याच्या रागाचा रकाना हवा होता. टर्मिनलमधले, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या खिडकीत आज्ञा देऊन चालणारे प्लेअर बाजूलाच ठेवले. बऱ्याच टर्मिनलांत जोडाक्षरं तुटतात, वेलांट्या भलतीकडे जातात.

शेवटी क्वॉड लिबेट हा प्लेअर घेतला. त्यात हवा तो टॅग जोडता येतो आणि त्याच टॅगाचा रकानाही करता येतो: पहिल्यात राग, दुसऱ्यात गायक. टॅगाचं नाव मात्र रोमन अक्षरांतच द्यायचं, कारण फ्लॅक (आवाजाचा दर्जा न घटवता साठवणाऱ्या) फायलींत टॅगाच्या नावाला देवनागरी चालत नाही. समोरचा मजकूर खुशाल 'यमन' असा लिहावा. एमपीथ्रीत हा खास टॅग क्वॉड लिबेट स्वतःच्या नावाची जोड देऊन लिहितो, त्यामुळे दुसऱ्या प्लेअरला तो सहसा दिसत नाही. राग महत्त्वाचा असेल तर सीडी फ्लॅकमध्येच उतरवून घ्या.

टॅग सुधारण्याआधी सगळ्या फोल्डरची प्रत काढायची. मग किड३ या टॅग सुधारायच्या प्रोग्राममध्ये एमपीथ्रीतला जुना, आयडी३ या टॅग-पद्धतीच्या पहिल्या आवृत्तीचा टॅग पुसून टाकायचा. त्यात नावाला जेमतेम ३० बाइट जागा. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं, शिवाय अक्षरं कोणत्या पद्धतीने साठवली हे त्या टॅगात सांगायची सोयच नाही. प्रश्नचिन्हं आणि चौकोन बहुतेक तिथूनच येतात. टॅग ठीक असूनही चौकोन दिसले तर फॉन्ट नाही. नोटो या फॉन्टमालिकेतले देवनागरी आणि कन्नड असे दोन्ही बसवा. क्वॉड लिबेट एमपीथ्रीत आयडी३ची २.४ आवृत्ती लिहितो, ती गाडीतल्या काही जुन्या स्टिरिओंना वाचता येत नाही. पेनड्राइव्हवरच्या प्रती किड३ मधून २.३ करून द्याव्यात.

साठा बाहेरच्या डिस्कवर असेल तर ती दर वेळी एकाच ठिकाणी माउंट झाली (म्हणजे एकाच फोल्डरच्या पत्त्यावर जोडली गेली) पाहिजे, नाहीतर अख्खी यादी गायब. एफस्टॅबमध्ये (डिस्क कुठे जोडायच्या ते सांगणाऱ्या फायलीत) यूयूआयडीने, म्हणजे डिस्कच्या स्वतःच्या ओळखक्रमांकाने नोंद करा आणि 'नोफेल' पर्याय विसरू नका. तो नसला आणि डिस्क लावलेली नसली तर मशीन सुरू होताना दीड मिनिट अडून इमर्जन्सी मोडमध्ये, म्हणजे नेहमीचा पडदा न येता फक्त दुरुस्तीच्या अवस्थेत जातं. फ्लॅटपॅकमधून (बाकीच्या सिस्टमपासून वेगळं ठेवून प्रोग्राम बसवायच्या पद्धतीने) बसवलेल्या प्लेअरला ही डिस्क अनेकदा दिसतच नाही. फ्लॅटसील या परवानग्यांच्या प्रोग्राममधून त्या फोल्डरची परवानगी द्यावी लागते.

कॅसेटवरून उतरवलेली गाणी हळू वाजतात, सीडीची कानावर आदळतात. क्वॉड लिबेटच्या रीप्लेगेन या आवाज सारखा करणाऱ्या प्लगइनने सगळ्या फायली तपासून घ्या. ज्यांना अजून रीप्लेगेनचं मूल्य नाही त्यांच्यासाठी सेटिंगमध्ये फॉलबॅक गेन (अशा गाण्यांसाठीचा ठरावीक आवाजबदल) उणे ६ ते उणे ८ डेसिबल ठेवला की मधेच एखादं गाणं दचकवत नाही.