ओल्या डायपरचे वजन

मुलांच्या अतिदक्षता विभागात रात्रपाळीला मी सर्वांत बारकाईने पाहते ते ओल्या डायपरचे वजन. त्यातून कोरड्या डायपरचे वजन वजा केले की उरलेला प्रत्येक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर लघवी.

बऱ्याच वर्षांपूर्वी, आतड्यात आतडे शिरल्यामुळे शस्त्रक्रिया झालेले सात महिन्यांचे बाळ आमच्याकडे होते. दुसऱ्या दिवशी त्याची लघवी फारच कमी झाली. आजी काकुळतीने म्हणाल्या, "सिस्टर, लेकराच्या घशाला कोरड पडली असेल हो, सलाइन जरा वाढवा ना." आम्हालाही तसेच वाटले आणि सलाइनचा वेग वाढवला गेला. दुपारी बाळाच्या पापण्या सुजल्या, ते मलूल झाले, आणि संध्याकाळी त्याला झटका आला. रक्तातले सोडियम लिटरमागे 122 मिलिमोल होते. ते 135 ते 145 असायला हवे.

बाळाच्या अंगात पाणी कमी नव्हते, जास्त झाले होते. वेदना, मळमळ आणि शस्त्रक्रियेचा ताण यांमुळे मेंदूतून व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक स्रवत राहते आणि मूत्रपिंडे पाणी बाहेर सोडत नाहीत. अशा वेळी कमी सोडियमचे सलाइन दिले, तर रक्त पातळ होऊन मेंदूला सूज येते. 1957 मध्ये हॉलिडे आणि सेगर या डॉक्टरांनी दहा किलोंपर्यंतच्या मुलाला दर किलोमागे दिवसाला 100 मिलिलिटर द्रव हे सूत्र मांडले, पण त्यातला सोडियमचा हिशेब दुधातल्या प्रमाणावरून केलेला होता. 0.18 टक्के सलाइनमध्ये लिटरमागे सोडियम जेमतेम 30 मिलिमोल असते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने 2018 मध्ये 28 दिवसांवरील बहुतेक मुलांना रक्ताइतक्याच सोडियमचे सलाइन द्यावे, असे स्पष्ट सांगितले. हे आम्हाला आधी कळायला हवे होते, असे मला आजही वाटते.

हे संप्रेरक रक्तात सोडणाऱ्या, मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीजवळ शस्त्रक्रिया झाली, तर नेमके उलटे घडू शकते. संप्रेरक कमी पडते, पाण्यासारख्या लघवीने डायपर तासातासाला भिजतो आणि सोडियम चढत जाते. त्यावर डेस्मोप्रेसिन, म्हणजे त्याच संप्रेरकासारखे काम करणारे औषध, देतात. परंतु तान्ह्या बाळाचे सारे अन्नच दूध, म्हणजे द्रव, असल्यामुळे मात्रा किंचित जास्त झाली तरी पाणी अंगात साचते. मोठे मूल तहान लागली किंवा भागली हे सांगते, बाळ फक्त रडते.

त्या बाळाला तीन टक्के, म्हणजे भरपूर सोडियमचे, सलाइन दिल्यावर झटका थांबला. पाणी मोजून कमी केले. तिसऱ्या दिवशी पहाटे डायपर इतका जड लागला, की मी तो काट्यावर दोनदा ठेवून पाहिला आणि मग आजींना उठवले.