नाईटचे पाकीट : आमची वाटचाल

माझ्या वडिलांनी १९८६ साली गोव्यातील म्हापशात दोन भोंगे, एक ॲम्प्लिफायर आणि दोन माईक एवढ्या सामग्रीवर ध्वनिक्षेपक भाड्याने देण्याचा व्यवसाय सुरू केला. बार्देश आणि पेडण्यातील जत्रा, भजनी सप्ताह आणि देवळांच्या उत्सवांत होणारी मराठी नाटके हीच तेव्हाची आमची कामे. मुंबईची एखादी व्यावसायिक नाटक मंडळी दौऱ्यावर आली की वायरी गुंडाळायला मीही वडिलांबरोबर जात असे, आणि मध्यंतरात व्यवस्थापक रंगपटात येऊन प्रत्येकाच्या हाती नाव लिहिलेले पाकीट ठेवतो हे दृश्य मी अनेकदा पाहिले. त्या पैशाला सगळे ‘नाईट’ म्हणत. प्रेक्षक शंभर असोत वा हजार, ठरलेली नाईट त्याच रात्री मिळे, आणि नेपथ्य ठोकणाऱ्याचेही पाकीट त्यातच असे.

धंदा माझ्याकडे आला तो २००४ मध्ये. किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये (मोसमापुरत्या उभारलेल्या उपाहारगृहांत) आणि पबमध्ये लाईव्ह बँड ठेवण्याची चढाओढ वाढत होती, त्यामुळे २००७ पासून कळंगुट, बागा, हणजुणे या पट्ट्यात आमचे स्पीकर नियमित जाऊ लागले. आमचे भाडे आम्हाला वेळेवर मिळत असे. वादकांना काय मिळते याची चौकशी मी पहिली चार वर्षे केलीच नाही, याची आजही मला खंत वाटते.

२०११ च्या डिसेंबरातील एक रात्र मात्र मनातून जात नाही. मडगावहून आलेल्या चौघांच्या बँडला मालकाने ८,००० रुपये कबूल केले होते, पण गिऱ्हाईक कमी आले म्हणून हातावर ६,००० ठेवले आणि उरलेल्याविषयी विचारल्यावर ‘बाब, मागीर पळोवया’ (नंतर पाहू) एवढेच उत्तर दिले. आमच्या टेंपोच्या बॉनेटवर मोबाईलचा उजेड धरून ड्रमरने नोटांचे वाटे घातले. व्हॅनचे १,२०० आणि भाड्याने आणलेल्या ड्रम किटचे १,००० बाजूला काढल्यावर ३,८०० उरले, म्हणजे प्रत्येकी ९५०. ही मुले दुपारी चारला घरून निघाली होती आणि परत पोहोचेपर्यंत त्यांना रात्रीचे दोन वाजणार होते. सरावाच्या दोन संध्याकाळी तर हिशेबात धरल्याच नव्हत्या. त्यांच्यापैकी एकाने पॅरिशच्या, म्हणजे गावच्या चर्चच्या, संगीतशाळेत लहानपणापासून सोल्फेजिओ (लिहिलेले स्वर पाहून गाण्याचा अभ्यास) गिरवलेला होता. पानावरचे सूर तो वर्तमानपत्र वाचावे तसा वाचत असे.

पुढच्या मोसमात आम्ही बँड पुरवण्याचे काम स्वतःच्या नावावर घेतले आणि बिलात तीन रकाने वेगळे केले : कलाकारांचे मानधन, साऊंडचे भाडे आणि प्रवास. आमचे १० टक्के कमिशन मानधनातून कापायचे नाही, ते वरून पबकडून घ्यायचे, आणि पाकिटे शेवटच्या सेटच्या आधी द्यायची, हा नियम आम्ही नाटकवाल्यांकडून उचलला.

याहून महत्त्वाचा बदल म्हणजे आम्ही दर अख्ख्या बँडला न लावता माणशी लावला. गोव्यात मोठे बँड आटत का गेले, याचे माझ्या मते खरे कारण इथे आहे. पबमालक ‘बँडचे इतके’ असा एकच आकडा सांगे आणि तो वर्षानुवर्षे हलत नसे. मग तेवढ्याच पैशात भागावे म्हणून आधी ट्रम्पेट गेला, मग बास गिटार, मग ड्रम, आणि शेवटी कीबोर्डवर तयार ट्रॅक लावून गाणारा वन मॅन बँड तेवढा उरला. त्या एकट्या कलाकाराला मी दोष देत नाही, कारण त्यालाही घर चालवायचे असते. पण माणूस कमी केला की वाटा वाढतो अशी पद्धत असेल, तर कोणीही माणूस कमीच करणार. आम्ही २०१२ साली माणशी १,५०० रुपयांपासून सुरुवात केली. आज आमच्या वहीत आठवड्याच्या मधल्या दिवसांना माणशी ४,००० आणि शुक्रवार ते रविवार ५,००० असा दर आहे, म्हणजे मंगळवारी चौघांचे मानधन १६,००० होते. साऊंडचे ७,००० आणि प्रवासाचे २,५०० त्याच्या बाहेर. पंचेचाळीस मिनिटांचे तीन सेट, मध्ये विश्रांती, आणि जेवण पबचे.

हे दर पबमालकांच्या गळी उतरवणे सोपे नव्हते, आणि त्यांची बाजू मी नाकारत नाही. उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावायला २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार बंदी आहे, तर बारची खरी विक्री अनेकदा दहानंतरच सुरू होते. म्हणजे ज्या तीन तासांसाठी ते बँडचे पैसे मोजतात, त्या तासांत निम्मी टेबले रिकामी असतात. शिवाय २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर आमच्या बिलावर १८ टक्के कर बसला. दारू जीएसटीच्या कक्षेबाहेर आहे, आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरपासून रेस्टॉरंटच्या ५ टक्के करावर इनपुट क्रेडिट, म्हणजे आधी भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही, त्यामुळे हा कर बहुतेक पबमालकांच्या खिशातूनच जातो. कित्येकांनी तो मानधनातच धरा असा आग्रह केला. ते आम्ही मान्य केले नाही, आणि त्या मोसमात तीन जागा गमावल्या.

सर्वांत मोठा फटका त्याआधीच, २०१४ मध्ये बसला होता. किनाऱ्यावरच्या एका शॅकने महिनाभराचे ४२,००० रुपये थकवले आणि मोसम संपताच गाशा गुंडाळला. वादकांची पाकिटे आम्ही त्या त्या रात्री दिलेली होती, म्हणून तोटा पूर्ण आमचा. डिजिटल मिक्सरसाठी साठवलेली रक्कम त्यात गेली आणि जुन्या सोळा चॅनेलच्या मिक्सरवर, ज्याचे आवाज कमी-जास्त करणारे दोन फेडर खरखरत असत, आणखी एक मोसम काढावा लागला. तेव्हापासून नव्या जागेकडून आम्ही आठवड्याची रक्कम आगाऊ घेतो.

मे महिन्याच्या अखेरीस शॅक उतरवले जातात आणि ऑक्टोबरपर्यंत किनारा गप्प असतो. आठ महिन्यांच्या मिळकतीवर बारा महिने काढायचे असल्यामुळे चांगले वादक क्रूझ जहाजांवर महिन्याच्या पगारावर जातात, किंवा लग्नसराईत पबला नाही म्हणतात, कारण लग्नात एका रात्रीला पबच्या दोन-तीन रात्रींचे पैसे मिळतात. २०२० च्या मार्चमध्ये लग्ने, जहाजे आणि पब एकदमच बंद झाले. आम्ही एक जनरेटर विकला. आमच्या नेहमीच्या वादकांपैकी एक बासवाला घरोघरी मासळी पोहोचवू लागला, आणि त्याने गिटारही विकायला काढली होती. ती आम्ही घेतली आणि गोदामात लोखंडी कपाटात ठेवली.

२०२३ च्या जानेवारीत पेडण्यातील मोपा विमानतळ सुरू झाल्यानंतर मोरजी, आश्वे, मांद्रे या बाजूची कामे वाढली, आणि आमच्या पेडण्याच्या जुन्या ओळखी कामी आल्या. बासवाल्याला त्याची गिटार आम्ही घेतलेल्याच किमतीला परत दिली. ते पैसे तो दर नाईटमधून ५०० रुपये याप्रमाणे फेडतो आहे, आणि त्याच्या पाकिटावर नावाखाली उरलेली बाकी मी स्वतः लिहितो. यंदा मांद्र्यातील एका पबने बुधवारसाठी पाच जणांचा बँड मागितला आहे, ट्रम्पेटसह. माणशी दरामुळे पाचव्या माणसाचे ४,००० वाढतात हे सांगितल्यावर मालक थोडा वेळ गप्प बसला, आणि मग त्याने पहिल्या आठवड्याची रक्कम आगाऊ पाठवली.