एचडीआर, नोंद ४ : मळकट वेगळं, अंधारं वेगळं

सापडला एकदाचा! माझ्या टीव्हीवर एचडीआर (गडद काळ्यापासून झगझगीत उजेडापर्यंत जास्त मोठा पल्ला दाखवणारं चित्र) मळकट आणि अंधारं का दिसतं, याच्या शोधात तीन आठवडे ज्याच्या मागे होतो तो चोर टीव्हीत नव्हताच, टीव्हीच्या मागे लोंबकळत होता.

मागच्या नोंदीत मी जाहीर केलं होतं की या टीव्हीचा पॅनेलच (पडदाच) टाकाऊ आहे आणि दिवाळीत नवा घेणार. ते विधान मागे घेतो. पूर्ण नाही, अर्धं.

झालं असं की शनिवारी मुलीला घेऊन रामकुंडावर गेलो होतो. अंधार पडल्यावर पाण्यात सोडलेले दिवे फोनवर एचएलजीमध्ये (एचडीआरचाच एक प्रकार) टिपले. घरी आलो, क्लिप पेन ड्राइव्हवर घातली आणि जेवताना सरळ टीव्हीच्या यूएसबीत खोचली. वरच्या कोपऱ्यात एचडीआरची पट्टी उमटली. हातातला घास हातातच राहिला, कारण ती पट्टी मी या टीव्हीवर पहिल्यांदाच बघत होतो. दिव्यांची ज्योत खरोखर पिवळीधमक, आणि खालचं पाणी काळं. राखाडी नाही, काळं.

म्हणजे इतके दिवस स्ट्रीमिंग स्टिकवरून (टीव्हीला खोचून सिनेमे-मालिका लावायची कांडी) मी जे बघत होतो ते टीव्हीच्या लेखी एचडीआर नव्हतंच. स्टिकच्या सेटिंगमध्ये 'एचडीआर चालू' असं ठणकावून लिहिलेलं असायचं आणि मी त्यावर विसंबलो. स्टिकची साक्ष घेतली, टीव्हीची घेतलीच नाही. रिमोटवरचं इन्फो बटण दाबलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं : ३८४० × २१६०, ६० हर्ट्झ, बस्स. एचडीआरचा उल्लेख नाही.

मधला खलनायक म्हणजे एचडीएमआय ऑडिओ एक्स्ट्रॅक्टर, चित्रासोबतचा आवाज वेगळा काढून देणारी डबी. बाबांच्या जुन्या स्टिरिओ ॲम्प्लिफायरला आवाज द्यायचा म्हणून पहिल्या दिवसापासून स्टिक आणि टीव्ही यांच्यामध्ये बसवलेली ती काळी डबी. टीव्ही ईडीआयडीमधून (टीव्हीने स्वतःची दिलेली ओळख) सांगतो की मला एचडीआर चालतं. डबी तो निरोप स्टिकपर्यंत इमानाने पोचवते. स्टिक खूश होऊन पीक्यूमध्ये (एचडीआरचं उजेड मांडायचं गणित) चित्र सोडते आणि सोबत इन्फोफ्रेमची चिठ्ठी जोडते, की बाबा रे, हे पीक्यू आहे आणि रंग बीटी.२०२० चे (एचडीआरचा मोठा रंगसंच) आहेत. डबी चित्र पुढे पाठवते आणि चिठ्ठी गिळून टाकते. टीव्ही बिचारा ते नेहमीचं गॅमावालं (साध्या चित्राच्या जुन्या गणिताचं) चित्र समजून दाखवतो.

यातून चित्र मळकट का होतं, ते कागदावर मांडल्यावर मला धड कळलं. पीक्यूमध्ये २०३ निटचा (निट म्हणजे पडद्याच्या उजेडाचं माप) साधा पांढरा, म्हणजे कागद, शर्ट, भिंत, सिग्नलच्या ५८ टक्क्यांवर असतो. तोच ५८ टक्के गॅमा २.२ ने वाचला तर प्रकाश कमाल प्रकाशाच्या जेमतेम ३० टक्के होतो. उलट १ निटची सावली पीक्यूत १५ टक्क्यांवर बसते, ती माझ्या पॅनेलवर गॅमाने जवळजवळ ५ निट होते. वरचं खाली आलं, खालचं वर गेलं. त्यात २०२० चे रंग ७०९ (साध्या चित्राचा छोटा रंगसंच) समजून दाखवले, की भगवा विटलेल्या विटेसारखा दिसतो. या चित्रावर मी तीन आठवडे कॉन्ट्रास्ट आणि गॅमाचे लेप लावत होतो.

डबीवर '४के ६० हर्ट्झ' छापलंय, आणि ते खोटं नाही. एचडीएमआय २.० तेवढं करतंच. एचडीआरची चिठ्ठी त्यात २०१५ साली, २.०ए पासून आली, आणि त्याबद्दल खोक्यावर अवाक्षर नाही. एम. जी. रोडवरच्या ज्या काउंटरवर घेतली तिथे विचारलं होतं. 'सगळं पास होतं साहेब' असं म्हणून त्यांनी वर सोन्याच्या मुलाम्याची केबलही गळ्यात मारली. केबलबद्दल माझं मत आता पक्कं आहे : केबल कधी चित्र मळकट करत नाही. ती खराब असेल तर पडद्यावर ठिणग्या उडतात नाहीतर पडदाच काळा होतो, मधलं काही नसतं. २४ फ्रेमचा ४के सिनेमा तर जुन्या १०.२ गिगाबिटच्या केबलमधूनही निवांत जातो. ६० फ्रेमला १० बिट हवं असेल तर 'प्रीमियम हाय स्पीड'चं स्कॅन करता येणारं लेबल बघून घ्यावी. मुलामा दागिन्यांना ठेवा.

डबी काढली, स्टिक थेट टीव्हीला लावली, पोर्टचं सेटिंग तपासलं. (सॅमसंगमध्ये 'इनपुट सिग्नल प्लस', सोनीत 'एन्हान्स्ड फॉरमॅट', एलजीत 'अल्ट्रा एचडी डीप कलर'. आपापल्या टीव्हीत बघा, काहींत प्रत्येक पोर्टला वेगळं चालू करावं लागतं.) पट्टी आली! आवाजासाठी टीव्हीच्या ऑप्टिकलमधून छोटा डॅक (डिजिटल आवाज ॲम्पला चालेल असा करणारी डबी), तिथून ॲम्प. पहिल्यांदा नुसती खरखर आली, टीव्हीचा ऑडिओ पीसीएमवर (साधा, न दाबलेला डिजिटल आवाज) टाकल्यावर बाबांचे स्पीकर गायला लागले.

आणि चित्र? अंधारं.

मला हसावं की रडावं कळेना. पण नीट बघितल्यावर लक्षात आलं की हा आजारच निराळा. राखाडी झाक गेलेली, रंग जागेवर, फक्त सगळं एखाद्या काचेआड असल्यासारखं. मळकट हा सिग्नलचा रोग होता; अंधारं हा टीव्हीचा आणि हॉलचा. मी दोघांना एकच औषध देत होतो.

इथे दुसरी फजिती. टीव्ही एसडीआर (नेहमीचं साधं चित्र) आणि एचडीआरची सेटिंगं वेगवेगळी साठवतो. माझी तीन आठवड्यांची सगळी कारागिरी एसडीआरच्या खात्यात जमा! एचडीआरचं खातं कारखान्यातून आलं तसंच, आणि खोलीतल्या उजेडाप्रमाणे पडदा मंद करणारा प्रकाशाचा सेन्सर चालू. तो पिक्चर मेनूत नाहीच, जनरलच्या आत इकोमध्ये दडवलाय. असं का करतात देव जाणे.

मग मोजमाप. लग्नाचे फोटो काढणाऱ्या मित्राकडून मॉनिटरचा कलरिमीटर (पडद्याचा उजेड आणि रंग मोजायचं यंत्र) उसना आणला. तुळशीची लग्नं लागली की तो मला ओळखही दाखवणार नाही, म्हणून घाई. लॅपटॉपवर एचसीएफआर हे मोजणीचं सॉफ्टवेअर, पेन ड्राइव्हवर चाचणीची चित्रं. ५० टक्के सिग्नलच्या राखाडी पट्टीवर पीक्यूप्रमाणे ९२ निट यायला हवेत. सेन्सर चालू असताना आले ४१. बंद केल्यावर ५८. डायनॅमिक टोन मॅपिंग (प्रत्येक दृश्याचा उजेड पडद्याच्या कुवतीत बसवणं) चालू केल्यावर ७०. कडेनेच उजेड मिळणाऱ्या आणि तो भागाभागाने कमी-जास्त न करता येणाऱ्या स्वस्त पॅनेलकडून याहून जास्त मागणं म्हणजे बैलाकडे दूध मागणं. ४१ चे ७० हा माझ्यासाठी या महिन्यातला सगळ्यात गोड आकडा.

पण खरा उलगडा भलत्याच आकड्याने केला. याच टीव्हीची कमाल मोजली : ३१० निट. एचडीआरमध्ये ३१०, एसडीआरमध्ये बॅकलाइट शंभरवर ठेवला तरी ३१०. एसडीआरचं मास्टरिंग (कार्यक्रमाचं अंतिम चित्र तयार करणं) १०० निटच्या मापाने होतं, म्हणजे मी बातम्या आणि क्रिकेट रोज तिप्पट उजेडात बघत होतो. डोळ्यांना त्याची सवय. पीक्यू मात्र ठरलेले निट मागतो, मनाने वाढवत नाही. त्यात हजार निटचे झगझगाट ३१० मध्ये कोंबायचे म्हणून टीव्ही मधला भागही दाबतो. मग तोच चेहरा एचडीआरमध्ये काळवंडलेला वाटणारच. रामकुंडाची क्लिप उजळ दिसली त्याचं एक कारण हेही : एचएलजी सापेक्ष आहे, पडद्याच्या ऐपतीप्रमाणे पसरतं.

त्यामुळे दिवसा एचडीआर हा नाद सोडला. आमचा हॉल पाथर्डी फाट्याला, दुपारनंतर पांडवलेणीच्या बाजूने ऊन थेट पडद्यावर येतं. तिथे ७० निट म्हणजे काजवा. स्टिकवर 'ऑलवेज एचडीआर' होतं ते 'ॲडॅप्टिव्ह' केलं. आता मालिका एसडीआरमध्येच लागतात. आईची तक्रार होती की मालिकेतल्या सगळ्या बायका आजारी दिसतात, ती मिटली. नवीन तक्रार अशी की एसडीआर-एचडीआर बदलताना मध्येच क्षणभर पडदा काळा होतो. परवा तिने ओरडून विचारलं, 'लाइट गेली का रे?'

रात्रीसाठी माझ्याकडच्या फाइलींवर वेगळा प्रयोग केला. मिनी पीसीवर एमपीव्ही हा व्हिडिओ प्लेअर, त्यात टार्गेट-पीक (पडद्याची कमाल) ३१०, टोन-मॅपिंगची पद्धत बीटी.२३९०, आणि टीव्हीला एसडीआरच पाठवायचं. म्हणजे दाबादाबी टीव्हीच्या स्वस्त चिपने करायची नाही, पीसीने करायची, प्रत्येक दृश्याची कमाल मोजून. मंडळी, फरक डोळ्यांना दिसतो. रात्रीच्या दृश्यात भिंतीचा पोत सुटतो आणि कंदिलाचा नुसता पांढरा डाग होत नाही. स्ट्रीमिंग ॲपना याचा उपयोग नाही, तिथे ७० निटवर समाधान.

इथपर्यंत लिहून मी 'आता पुढचा टप्पा नवा टीव्ही' असं लिहिणार होतो, पण मधेच एक सुचलं. माझ्या बऱ्याच फाइलींत मॅक्ससीएलएल (सिनेमातला सगळ्यात उजळ ठिपका किती निटचा, हे सांगणारा आकडा) शून्य आहे. टीव्ही अशा वेळी स्वतःच काहीतरी मोठा आकडा धरून जास्त दाबत असेल का? एमकेव्ही फाइलच्या हेडरमध्ये (फाइलच्या सुरुवातीच्या माहितीत) तो आकडा एमकेव्ही-प्रॉपएडिट या सॉफ्टवेअरने लिहिता येतो. ४००, १००० आणि ४००० अशा तीन प्रती करून तीच ५० टक्क्यांची पट्टी तिन्हींत मोजायची. टीव्ही हेडर वाचतो की आतल्या व्हिडिओ स्ट्रीममधलाच आकडा धरतो यावर सगळं आहे. तिन्हींत ७० च आले तर विषय बंद.

मीटर गुरुवारी परत द्यायचाय, त्यामुळे हे बुधवारी रात्रीच. हॉलच्या खिडकीच्या पडद्यांचं माप बायकोने घेऊन ठेवलंय, दुहेरी अस्तराचे. त्याचा खर्च टीव्हीच्या खात्यात टाकायचा की घराच्या, यावर वाटाघाटी चालू आहेत.